अबोल्याचा शाप आणि सूत्रधार अश्वत्थामा

महाभारताच्या सौप्तिक पर्वात कृष्ण अश्वत्थाम्याला शाप देतो. तो शाप आपण अर्धाच लक्षात ठेवला आहे. कपाळावरची भळभळती जखम मराठीत इतकी रुळली, की न भरणाऱ्या कुठल्याही दुःखाला आपण अश्वत्थाम्याची जखम म्हणतो. मूळ पर्वात अश्वत्थामा कपाळावरचा मणी स्वतः काढून देतो. अर्जुनानं तलवारीनं मणी कापून घेतल्याचा प्रसंग भागवतातला आहे. सौप्तिक पर्वातल्या शापाचा गाभा निराळा आहे. तीन हजार वर्षं तू निर्जन प्रदेशांतून एकटा हिंडशील, अंगाला रक्तापुवाची दुर्गंधी येत राहील आणि कुणाशी कधीही तुझं बोलणं होणार नाही, असं कृष्ण सांगतो. जन्मभर माणसांत राहिलेल्याला ही शिक्षा जखमेपेक्षा जबर आहे. मारलेलं सांगताही येऊ नये, सोसलेलंही नाही.

जबलपूरच्या ग्वारीघाटावर लोकांनी हा शाप आपल्या परीनं सैल केला आहे. संध्याकाळची आरती होते, पानांच्या द्रोणांतले दिवे नर्मदेत सोडले जातात, पैलतीरावरच्या गुरुद्वाऱ्याकडे ये-जा करणाऱ्या नावा काठाला लागतात. त्यानंतर केव्हातरी अश्वत्थामा घाटावर येतो आणि कपाळावरचं रक्त थांबवायला हळद नि तेल मागतो, असं तिथं सांगतात. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर तो महादेवाला फुलं वाहून जातो म्हणतात. नर्मदाकाठच्या शूलपाणीच्या झाडीतून गेलेल्या परिक्रमावासीयांच्या बोलण्यातही तो डोकावतो. मला ग्वारीघाटाची कथा सगळ्यांत जवळची वाटते, कारण इथं तो मागतो. मागायला तोंड उघडावं लागतं, समोर कुणीतरी असावं लागतं. हळद-तेल ही घरातल्या माणसाला खरचटलं की पहिल्यांदा आठवणारी वस्तू. ज्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याला घाटावरच्या लोकांनी घरचं औषध देऊ केलं.

अमृता पाटील यांचं 'सौप्तिक: ब्लड अँड फ्लॉवर्स' हे चित्रकादंबरीचं पुस्तक 2016 मध्ये हार्परकॉलिन्सनं काढलं. ते हातात घेताना ही घाटावरची गोष्ट मनात असली, तर पुस्तकातला सगळ्यांत मोठा निर्णय लगेच उमगतो. या पुस्तकाचा सूत्रधार अश्वत्थामा आहे. व्यास नाही, संजय नाही, कृष्णही नाही. ज्याच्याशी कुणी बोलू नये असा शाप होता, त्याच्याच तोंडी चित्रकर्तीनं अख्खं महाभारत दिलं. मला हा या पुस्तकातला सर्वांत धाडसी आणि सर्वांत दयाळू भाग वाटतो.

पाटील गोव्यात वाढल्या. गोवा कला महाविद्यालयात शिकल्या, मुंबईत जाहिरात कंपनीत शब्द लिहिण्याचं काम केलं, मग बोस्टनला जाऊन चित्रकलेचं पुढचं शिक्षण घेतलं. 2008 मध्ये त्यांची 'कारी' ही चित्रकादंबरी आली. शब्द आणि चित्रं दोन्ही एकाच हातची असण्याला आपल्याकडच्या चित्रकथांत फारशी परंपरा नव्हती. लेखक एक, रेखाटणारा दुसरा, शाई फिरवणारा तिसरा, अशीच विभागणी असे. 'कारी'च्या सुरुवातीलाच दोन बायका शेजारी बसल्या आहेत, त्यांची हृदयं उघडी आहेत, एक रक्तवाहिनी दोघींना जोडते. हे मेक्सिकोच्या फ्रिडा काहलोच्या 1939 सालच्या 'दोन फ्रिडा' या चित्राचं उघड स्मरण आहे. काहलोच्या चित्रात दोन्ही बायका ती स्वतःच. पाटील यांनी रचना तीच ठेवली आणि त्या जागी एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन वेगळ्या मुली बसवल्या, त्याबरोबर चित्राचा अर्थच बदलला. एकटेपणाचं चित्र ताटातुटीचं झालं. आवडलेल्या चित्राची नक्कल करणं निराळं आणि त्या चित्राला नव्या गोष्टीत कामाला लावणं निराळं. दुसऱ्या प्रकारात चित्रकाराचं खरं वेड दिसतं. पाहिलेलं त्याच्या आत नुसतं साठत नाही, हाताला मिळेल तिथून वर येतं.

'सौप्तिक'च्या आधी चार वर्षं, 2012 मध्ये, 'आदिपर्व' आलं. दोन्ही पुस्तकं मिळून एकच काम आहे. पहिल्याची सूत्रधार गंगा. पांढऱ्या साडीतली एक बाई रात्री उघड्यावर बसून गोष्ट सांगू लागते, लोक आधी संशयानं पाहतात, मग बसतात, मग मध्येच प्रश्न विचारतात. ही पानं कोळशाची, काळ्या-पांढऱ्या रंगातली. गोष्ट सुरू झाली की रंग येतात: समुद्रमंथन, कद्रू-विनता, शंतनू, सत्यवती. जुन्या कॉमिकमध्ये भूतकाळ फिका आणि वर्तमान रंगीत दाखवायची रीत आहे. सिनेमातही फ्लॅशबॅक बरेचदा धूसर असतो. इथं उलट आहे. वर्तमान धुरकट, आणि सांगितलं जाणारं ते झळझळीत. कीर्तनाला बसलेल्या कुणालाही हे पटेल. बुवांनी आख्यान लावलं की देवळातला अंधूक उजेड विसरायला होतं.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. रंगवलेल्या चित्रांची पोथी समोर धरायची, एकेक चित्र पुढे करत वाद्यांच्या साथीनं कथा गायची. 2021 मध्ये तिथल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. चित्रकथीच्या चित्रात माणसं एका बाजूनं दिसतात, डोळे मोठे, अंगं स्थिर. हालचाल सगळी सांगणाऱ्याच्या गळ्यात असते. छापील कॉमिक आलं तेव्हा हा सांगणारा पानावरून गेला आणि त्याच्या जागी चौकटीच्या डोक्यावरची पिवळी पट्टी आली. पाटील यांनी सांगणाऱ्याला पुन्हा पानावर आणून बसवलं आणि त्याला चेहरा दिला. त्यांनी पिंगुळीकडून काही घेतलं असा माझा दावा नाही, पण त्यांचं पान मला त्या पोथीच्या कुळातलं वाटतं.

आता दोन सूत्रधार शेजारी ठेवून पाहा. गंगेनं आपली सात मुलं जन्मताच पाण्यात सोडली. अश्वत्थाम्यानं द्रौपदीची पाच मुलं रात्रीच्या हल्ल्यात मारली आणि उत्तरेच्या गर्भावर अस्त्र टाकलं. दोघांच्याही हातून मुलं मेली आहेत. एकीनं ते वसूंच्या मुक्तीसाठी केलं, दुसऱ्यानं बापाच्या सूडासाठी. महाभारत सांगायला ही दोन माणसं निवडणारी चित्रकर्ती साधीसुधी वाचक नाही. भारतयुद्धाची गोष्ट शेवटी वंश चालण्या-न चालण्याची गोष्ट आहे, आणि ती या दोघांइतकी जवळून कुणी पाहिलेली नाही. नर्मदेकाठी अशीही श्रद्धा आहे की गंगा काळ्या गायीच्या रूपानं नर्मदेत न्हायला येते आणि पांढरी होऊन परत जाते. त्या श्रद्धेच्या भूगोलात हे दोन्ही सूत्रधार एकाच काठावर भेटतात.

अश्वत्थामा सूत्रधार झाला की कथेची सुरुवातही सरकते. त्याच्या लहानपणी द्रोणांच्या घरी गाय नव्हती. श्रीमंतांची मुलं दूध पितात म्हणून तो रडला, तेव्हा सवंगड्यांनी त्याला पिठाचं पाणी पाजलं आणि आपण दूध प्यायलो म्हणून तो आनंदानं नाचला. ते पाहून द्रोण द्रुपदाकडे गेले. द्रुपदानं मैत्री नाकारली. द्रोणांनी शिष्यांकरवी त्याला बांधून आणवलं. द्रुपदानं यज्ञ केला, त्यातून धृष्टद्युम्न आणि द्रौपदी आले. धृष्टद्युम्नानं द्रोणांचं मस्तक उडवलं. आणि युद्धाच्या शेवटच्या रात्री अश्वत्थामा पांडवांच्या छावणीत शिरला. एका वाटीतल्या पिठाच्या पाण्यापासून रक्तानं भिजलेल्या तंबूंपर्यंत धागा तुटत नाही, आणि त्याच्या दोन्ही टोकांना तोच उभा आहे. राजांच्या बाजूनं पाहिलं की हे युद्ध हस्तिनापूरच्या वारशाचं दिसतं, द्रोणपुत्राच्या बाजूनं पाहिलं की भुकेचं.

इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मधल्या 'परधर्मो भयावहः' या लेखात बाप-लेकांची गय केलेली नाही. क्षत्रियांचं काम हाती घेऊन त्यांचा संयम न घेतलेले हे ब्राह्मण, असा त्यांचा रोख. तो लेख मला आजही बिनतोड वाटतो. पाटील त्याला उत्तर देत नाहीत, निवाड्याच्या खुर्चीतच बसत नाहीत. गुन्हेगाराला त्याची गोष्ट पुरी सांगू देतात. दोन्ही वाचली तरच तो माणूस पुरा कळतो.

सौप्तिक म्हणजे झोपलेल्यांचं पर्व. चित्रकारापुढे अडचण अशी की जे घडतं ते सगळं अंधारात. वडाखाली कौरवांच्या बाजूचे तिघं उरलेत: कृप, कृतवर्मा, अश्वत्थामा. दोघं झोपलेत. झाडावर हजारो कावळे निजलेत. एक मोठं घुबड आवाज न करता येतं आणि कुणाचे पंख, कुणाची मान, कुणाचे पाय तोडत जातं. अश्वत्थामा हे पाहतो आणि त्याला उपाय सुचतो. झोपेत मारणं तो एका पक्ष्याकडून शिकला. छावणीत शिरल्यावर तो धृष्टद्युम्नाला लाथेनं उठवतो. मला शस्त्रानं मार, एवढं तरी कर, अशी विनवणी धृष्टद्युम्न करतो; तीही तो मानत नाही, पायांनी तुडवून मारतो.

1980च्या दशकात अमर चित्र कथेनं महाभारत 42 अंकांत काढलं. त्याची चित्रं दिलीप कदम यांची. प्रताप मुळीक यांच्या हाताखाली तयार झालेला हा पुण्याचा कलावंत. (अमिताभ बच्चन यांना 'सुप्रिमो' या कॉमिकचा नायक करून रेखाटणारा हात मुळीकांचाच.) आमच्या पिढीच्या डोळ्यांतले भीम-अर्जुन कदमांचे आहेत. त्यांच्या कुंचल्याची रेघ जाड-बारीक होत स्नायूला वळण देते. आडवा घोडा, वळलेला खांदा, उडणारा शेला चौकटीत नेमका बसतो. पण त्या काळच्या छपाईत सपाट रंग भरायचे, म्हणजे रात्र निळी आणि निळ्या रात्रीतही सगळं स्वच्छ दिसायचं. मुलांच्या अंकाला तेच योग्य होतं. चौकटींच्या पानाची आणखी एक सोय असते: एका चौकटीत उगारलेली तलवार, पुढच्यात कोसळलेला देह, आणि मारणं मधल्या पांढऱ्या पट्टीत लपतं. वाचकाच्या मनानं ते करायचं.

पाटील ही सोय घेत नाहीत. त्या पान रंगवतात. रंगाचे थर, पानभर पसरलेली आकृती, त्यात वसवलेला मजकूर. चौकटींची शिडी जिथं मोडते तिथं वाचायचा वेग आपल्याला स्वतः ठरवावा लागतो, आणि पान पटकन उलटता येत नाही. शीर्षकातच रक्ताशेजारी फुलं ठेवून त्यांनी हिंसेइतकाच निसर्ग गोष्टीत आणला आहे. हे करताना त्यांचा मजकूर कधी कधी जड होतो. महाभारत ठाऊक नसलेला वाचक अडखळेल, तत्त्वचर्चा लांबली की चित्राला वाट पाहावी लागते. रचनेनं 'आदिपर्व' जास्त बांधेसूद आहे. तरी दोनांतलं एक निवडायचं तर मी 'सौप्तिक' निवडेन, कारण त्यातला सांगणारा स्वतः गोत्यात आहे. गंगा आपली गोष्ट सांगून पुढे वाहू शकते. अश्वत्थाम्याला सांगून सुटका नाही.

27 जून 2024 रोजी आलेल्या नाग अश्विन यांच्या 'कल्की 2898 एडी' सिनेमात अमिताभ बच्चन अश्वत्थामा झाले. त्यांच्या या रूपाची पहिली झलक नर्मदाकाठच्या नेमावरला दाखवली गेली, म्हणजे सिनेमावाल्यांनाही त्याचा पत्ता माहीत होता. सिनेमानं त्याला गर्भवतीच्या रक्षणाचं काम दिलं. ज्यानं गर्भावर अस्त्र टाकलं त्यानंच गर्भ जपायचा. कल्पना उत्तम आहे आणि बच्चन यांच्या थकलेल्या, उंच देहानं ती पेलली आहे. पण तिथं प्रायश्चित्त लढूनच होतं. जे आयुष्यभर केलं तेच पुन्हा, फक्त बाजू बदलून. पाटील यांच्या अश्वत्थाम्याच्या हाती शस्त्र नाही. त्याला फक्त ऐकणारा हवा आहे, आणि पान उघडणारा प्रत्येक जण तो ऐकणारा होतो.

ग्वारीघाटाच्या गावाला कलावंताची नजर नवी नाही. अमृतलाल वेगड याच जबलपूरचे. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकले, 1977 मध्ये नर्मदेकाठानं चालायला लागले, रेखाटनं आणि कागदांची कोलाज करत राहिले. 2018 मध्ये जबलपुरातच गेले. न्हाणाऱ्या बाया, गाठोडी घेतलेले परिक्रमावासी, नावा, सगळी माणसं भरदिवसाची, चार-पाच रेघांत उभी राहिलेली. दिवसाचा घाट पाहायचा तर वेगडांकडे जावं. रात्रीच्या घाटासाठी 'सौप्तिक' आहे.

ही दोन्ही पुस्तकं इंग्रजीत लिहिलेली आहेत, पण भाषा बेताची असली तरी अडू नका. आपल्या घरातली गोष्ट असल्यानं चित्रंच बरंचसं सांगतात. आधी 'आदिपर्व' वाचा, मग 'सौप्तिक'. आणि 'आदिपर्वा'तल्या कोळशाच्या पानांवरून घाईनं पुढे जाऊ नका. त्या पानांवर प्रश्न विचारत बसलेल्या लोकांत आपली जागा ठेवलेली आहे.