बिऱ्हाड आणि मराठी वाङ्मय

घर आणि बिऱ्हाड हे दोन शब्द मराठीत शेजारीशेजारी नांदत असले तरी त्यांचा दर्जा एक नाही. घर बांधतात, बिऱ्हाड थाटतात. घर वारशाने मिळते, बिऱ्हाड हलवावे लागते. राहण्याची जागा, तीत राहणारी माणसे आणि त्यांची भांडीकुंडी ही तिन्ही ह्या एका शब्दात सामावतात, आणि ज्याचे ठिकाण निश्चित नाही त्याचे बिऱ्हाड पाठीवर आहे असे आपण म्हणतो. नोकरी, शिक्षण आणि बदली ह्यांच्या पायी आमच्या पांढरपेशा वर्गाच्या कित्येक पिढ्यांचे आयुष्य बिऱ्हाडातच गेले. मग एवढ्या व्यापक अनुभवाचे वाङ्मयात काय झाले, हा प्रश्न टीकाकाराने विचारावयास हरकत नसावी.

ढोबळ मानाने पाहता आमच्या लेखकांनी ह्या विषयास दोनच वाटांनी हात घातला आहे: एक हास्याची, दुसरी हळहळीची. भाडेकरूची फजिती झाली म्हणजे हसावयाचे, आणि जुनी वास्तू पडली म्हणजे डोळे पुसावयाचे. दोन्ही वाटा रम्य आहेत. परंतु बिऱ्हाडाच्या अनुभवाचा गाभा दोहोंच्या बाहेर राहतो असे आम्हांस वाटते. तो गाभा उंबरठ्यावर आहे. जागा मागणारा बाहेर उभा आहे, जागा देणारा आत उभा आहे, आणि आतला बाहेरच्यास विचारतो, ‘आपण कोण?’ ज्या पुस्तकाने हा प्रश्न ऐकला, त्याने बिऱ्हाड पाहिले. ज्याने तो ऐकला नाही, त्याने फार तर बिऱ्हाडातली माणसे पाहिली.

आमच्या नगरचेच उदाहरण घेऊ. मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये वसविलेल्या ह्या शहराचे नाव २०२४ मध्ये कागदोपत्री अहिल्यानगर झाले. बोलण्यात मात्र ते अजून बहुधा नगरच आहे. माळीवाडा, दिल्ली दरवाजा ही जुनी वस्ती. पुढे मनमाड रस्त्याच्या अंगाने सावेडीचे उपनगर वाढले, आणि गुलमोहर रस्ता, प्रोफेसर कॉलनी, पाइपलाइन रस्ता ही नावे सुशिक्षितांच्या वस्तीची नावे झाली. येथे जागा शोधणारा ‘शांत वस्ती’ मागतो आणि जागा देणारा ‘शांत माणसे’ मागतो. ‘शांत’ ह्या निरुपद्रवी विशेषणात किती अर्थ भरलेले आहेत, हे शोधणाऱ्यास दोन दिवसांत कळते. भाडे, अनामत रक्कम आणि नळाची वेळ ही बोलणी संपली म्हणजे मूळ गाव विचारले जाते, मग घरात मांस-मासे शिजते काय हे विचारले जाते. आडनावावरून उलगडा झाला तर एवढेही विचारावे लागत नाही. ‘आम्ही कळवू’ ह्या सौम्य शब्दांवर भेट संपते आणि पुढे कधीच काही कळविले जात नाही. जागा पाहून परतलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडून ही हकीकत आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की, तीत नगरचे काही खास वैशिष्ट्य आहे असे आम्ही मानीत नाही. पुणे, नाशिक, मुंबई येथे शब्द बदलतील, अर्थ बदलणार नाही.

आता वाङ्मयाकडे वळू. भाड्याच्या जागेवरील मराठी पुस्तक म्हटले की पु. ल. देशपांडे ह्यांची १९५८ ची ‘बटाट्याची चाळ’ प्रथम आठवते, आणि ते योग्यच आहे. त्रिलोकेकर, मंगेशराव, अण्णा पावशे ही मंडळी मराठी घरांतून आप्तांसारखी वावरली आहेत. परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. ह्या चाळीत सर्व बिऱ्हाडकरू आधीच आत आलेले आहेत. उंबरठा ओलांडून झाला आहे; उरला आहे तो एकत्र राहण्याचा सोहळा. ह्याला एक व्यावहारिक कारणही आहे. १९४७ च्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्याने जुनी भाडी सप्टेंबर १९४० च्या मानाला बांधून ठेवली आणि भाडेकरूस काढणे मालकास दुर्घट करून सोडले. बिऱ्हाड हलेनासे झाले. भाड्याची खोली बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. जे हलत नाही त्याच्याविषयीच हळहळ वाटू शकते. पुस्तकाच्या शेवटी असलेले चिंतन इतके हृद्य होते, त्याचे अर्धे श्रेय लेखकाच्या प्रतिभेला आणि अर्धे, थोड्या विनोदाने म्हणावयाचे तर, त्या कायद्याला द्यावे लागेल. हा ग्रंथाचा दोष नव्हे. ती त्याची मर्यादा आहे, आणि ती आपण ओळखली पाहिजे, कारण ती स्थिती आज नव्या भाडेकरूस उपलब्ध नाही.

उंबरठ्यावरचा प्रश्न हास्याच्या मार्गाने ज्या कृतीत आला ती पुस्तक नसून १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ हा चित्रपट आहे. त्याचे मूळ १९६६ च्या ‘बीवी और मकान’ ह्या हिंदी चित्रपटात आहे, तरी मराठी प्रेक्षकाने तो संपूर्णपणे आपला केला. पुण्यात जागा मिळेना, घरमालकीण विवाहितांखेरीज कोणास जागा देईना, म्हणून चार मित्रांपैकी दोघे लुगडी नेसतात. आम्ही सारे पोट धरून हसलो. परंतु हा विनोद कशावर उभा आहे? जागा हवी तर आपण जे आहो ते लपविले पाहिजे, हा नियम प्रत्येक प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे, ह्यावर. नियम कोणी समजावून सांगत नाही. तो गृहीत आहे. तेथे लपविण्याची वस्तू अविवाहितपणा होती म्हणून शेवट गोड झाला. लपविण्याची वस्तू जात असती तर?

हा तर्क नव्हे. ती कथा पंचवीस वर्षे आधीच लिहिली गेली होती. बाबुराव बागूल ह्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. त्याच नावाच्या कथेतील तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेतील उधना येथे जातो. नोकरीबरोबर निवाऱ्याची गरज येते आणि निवाऱ्याबरोबर जातीचा प्रश्न. तो जात सांगत नाही. ज्या घरी त्याला प्रेम आणि मान मिळतो, त्याच घराची माणसे जात कळताच त्याच्यावर हात टाकतात. बागुलांचे सामर्थ्य असे की, त्यांनी ह्या माणसांस राक्षस केले नाही. ती शांत माणसे आहेत, शांत वस्तीतली आहेत, पाहुण्यावर खरोखरच माया करणारी आहेत. म्हणूनच वाचकास स्वतःला बाजूला काढून घेता येत नाही.

आणि बागुलांच्याही मागे एक अनुभवकथन उभे आहे. १९१७ मध्ये डॉक्टर आंबेडकर परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव धारण करून ते एकटे राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली, दोन मित्रांनी आपापल्या अडचणी सांगितल्या, आणि मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या इंग्रजी टिपणात ही हकीकत त्यांनी कमालीच्या संयमाने सांगितली आहे. आमच्या नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या धामणगावचे दया पवार ह्यांनी ‘बलुतं’मध्ये, १९७८ साली, ह्याच सत्याची दुसरी बाजू दाखविली. गावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना, ह्या दोन वस्त्यांमधले अंतर तुटले, तरी माणसाने कोठे राहावे हे ठरविणारा हात तुटला नाही. शहरात गेले की सारे एक होते, ही आम्हां सुशिक्षितांची आवडती समजूत ह्या पुस्तकाने मोडीत काढली.

ह्यावर कोणी म्हणेल की, मग हास्याचा मार्ग ह्या विषयास वर्ज्यच मानावा काय? तसे नाही, आणि ह्याचे उत्तर नगरशी जडलेल्या एका ग्रंथातच आहे. लक्ष्मीबाई टिळक ह्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. हा ग्रंथ पतिपत्नीच्या आणि धर्मांतराच्या कथेसाठी वाचला जातो. तो बिऱ्हाडाचा ग्रंथ म्हणूनही वाचावा अशी आमची सूचना आहे. नाशिक, नागपूर, राजनांदगाव, पंढरपूर, नगर, राहुरी असे हे बिऱ्हाड हलत राहते. आरंभी वडिलांचे घर आहे, जेथे सोवळ्याच्या वेडापायी बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू धुतली जाते: उंबरठा जितका कडक करता येईल तितका केलेला. १८९५ मध्ये रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याकडे आल्या तेव्हाही आपली चूल त्यांनी वेगळी ठेविली. मग जाति-भेद ईश्वराने केलेला नाही असा निर्णय त्यांचा त्यांनीच केला, आणि पुढे त्यांच्या नगरच्या घरात अनाथ मुले आली, विद्यार्थी आले, बालकवी ठोंबरे येऊन राहिले. ज्या मुलीच्या माहेरी येणारी वस्तूही धुऊन घेतली जाई, तिच्या संसारात माणूसही न विचारता आत येऊ लागला. हा सारा प्रवास लक्ष्मीबाईंनी हसत सांगितला आहे. परंतु त्या उंबरठ्याच्या आत उभे राहून बाहेरच्यास हसत नाहीत, त्या उंबरठ्यासच हसतात, आणि प्रथम स्वतःच्या. हास्य कोणत्या बाजूने केले जाते, ह्यावर त्याची किंमत ठरते.

आता आजच्या भाडेकरूचा विचार. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे-नियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, करार लेखी व नोंदणीकृत असावा असे ठरविले आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. व्यवहारात अकरा महिन्यांचा परवाना-करार रूढ झाला आहे. म्हणजे जुन्या चाळीचे स्थैर्य गेले आणि बिऱ्हाड पुन्हा बिऱ्हाड झाले. ह्या करारात नाव, वय, व्यवसाय, पत्ता हे सर्व लिहिले जाते. जात लिहिली जात नाही. तो प्रश्न तोंडीच विचारला जातो, म्हणून त्याचा पुरावा राहत नाही. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते ह्यांची दारे सर्वांस उघडी केली; खाजगी भाड्याच्या घराचे नाव त्या यादीत नाही. २००५ मध्ये तर, सभासदत्व एका समाजापुरतेच ठेवणारा अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. ज्या ठिकाणी कायद्याचा हात पोचत नाही, त्या ठिकाणी वाङ्मयाची साक्ष अधिक मोलाची ठरते.

ती साक्ष नव्या लेखनात किती मिळते? सचिन कुंडलकर ह्यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये, २००६ साली, एका सुस्थित कुटुंबाच्या घरातील खोलीत भाड्याने राहावयास आलेला तरुण आहे; त्याच्या येण्याने घरातील भाऊ आणि बहीण दोघांचीही आयुष्ये ढवळून निघतात. शांत घराच्या भिंतींआड काय काय दडलेले असते हे ह्या लहान कादंबरीने धैर्याने दाखविले, आणि त्याबद्दल तिचे मोल मोठे आहे. तथापि, त्या भाडेकरूस नाव नाही, आणि कथा सांगतात ती घरातली मुले. एवढ्या संवेदनशील कृतीतही शब्द मालकाच्या घरचाच राहिला. भाडेकरू पाहिला गेला, त्याने काय पाहिले ते कळले नाही. येथे आमच्या मध्यमवर्गीय वाङ्मयाची खरी उणीव आहे. जागा नाकारली गेलेल्यांनी लिहिले आणि उत्तम लिहिले. जागा नाकारणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय चालते, सोसायटीतील शेजाऱ्यांची भीती, वडीलधाऱ्यांचा मान, सवय, लाज आणि त्या लाजेवर घातलेले सौजन्याचे पांघरूण, हे आतून लिहिणारी कादंबरी आमच्या वाचनात आलेली नाही.

ती लिहिली जात नाही, ह्याचे कारण ती लिहावयाची कोणी, ह्यात आहे. हे मासिक वाचणाऱ्या कुटुंबांपैकी पुष्कळांचे आजोबा भाड्याच्या खोलीत राहिले, वडिलांनी कर्ज काढून घर बांधले, आणि आज त्या घराचा वरचा मजला भाड्याने द्यावयाचा आहे. तीन पिढ्यांत आपण उंबरठ्याच्या बाहेरून आत आलो. आपल्या कपाटात ‘स्मृतिचित्रे’ आहे, ‘बटाट्याची चाळ’ आहे, बागुलांची कथा वाचून आपले मन हळहळलेले आहे. पुढील महिन्यात कोणी जागा पाहण्यास येईल, आणि नाव सांगून झाल्यावर क्षणभर थांबेल. त्या थांबण्यात तो काय ऐकण्याची तयारी करीत असतो, हे ह्या पुस्तकांनी आपणांस सांगून ठेविले आहे. तेव्हा भाडे सांगावे, नळाची वेळ सांगावी, आणि किल्ली द्यावी.