आणीबाणीनंतरचे स्वातंत्र्य आणि आपली समीक्षा

आणीबाणी आणि साहित्यिक ही चर्चा मराठीत दोन नावांनी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या; १९७६ मध्ये नामदेव ढसाळांनी ‘प्रियदर्शिनी’ लिहून इंदिरा गांधींचा गौरव केला. एक धैर्य, दुसरी शरणागती, असा निवाडा देऊन प्रस्थापित समीक्षा मोकळी होते. हा निवाडा खोटा नाही, अपुरा आहे. हुकूमशाही गेल्यावर जे राज्य उभे राहिले ते कोणापर्यंत पोचले, हा प्रश्न त्यात येतच नाही.

मार्च १९७७ मध्ये ती राजवट कोसळली. जनता सरकारने ४४ वी घटनादुरुस्ती करून कलम २१ चे जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आणीबाणीतही स्थगित होणार नाही, अशी तजवीज केली. हे मोठेच काम. परंतु जुलै १९७९ मध्ये ते सरकार पडले आणि जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या. या अस्थिरतेची कारणे नेत्यांच्या भांडणात शोधली जातात. दलितांना ती अस्थिरता गावाच्या वेशीवर भेटली.

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. शरद पवारांचे पुलोद सरकार तेव्हा जेमतेम नऊ दिवसांचे होते. मराठवाड्यात दलितांची घरे जळाली, पोचीराम कांबळे मारले गेले आणि ठराव बासनात गेला. नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही नामविस्ताराच्या तडजोडीने. विधिमंडळाचा शब्द वेशीवर अडतो, त्या राज्याला नुसते अस्थिर म्हणून कसे भागेल? तिथे ते राज्य अजून उभेच राहिलेले नसते.

आमच्या वसईची साक्षही हीच आहे. वेठबिगारीला घटनेच्या कलम २३ ने १९५० पासूनच बंदी आहे. ती मोडून काढण्याचा वटहुकूम ऑक्टोबर १९७५ चा, म्हणजे ऐन आणीबाणीतला. १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. तरीही तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वसई तालुक्याच्या आदिवासी पाड्यांवर वेठबिगारी चालूच राहिली. आणीबाणीच्या शिस्तीने ती संपवली नाही, ‘दुसऱ्या स्वातंत्र्या’नेही नाही. १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली, वेठबिगार स्वतः मालकाविरुद्ध बोलू लागले, तेव्हा कुठे तो कायदा हलला. म्हणून आणीबाणीने गरिबाचे भले केले, हे ढसाळांच्या बाजूचे समर्थनही टिकत नाही. आणि निवडणुकीने स्वातंत्र्य परत आले, हा मध्यमवर्गीय आनंदही पुरा पडत नाही.

कलम २१ साठी तुरुंगात गेलेल्यांचा मान राखलाच पाहिजे. पण कलम २३ साठी झगडणाऱ्यांना वगळून लिहिलेला आणीबाणीचा वाङ्मयेतिहास एका वर्गाचा इतिहास होईल. तुरुंगातील आठवणींशेजारी नामांतराच्या कविता आणि वेठबिगारांच्या जबान्या ठेवून वाचण्याचे काम आता दलित समीक्षेनेच हाती घेतले पाहिजे.