मवाब आणि इस्राएल: शत्रूविषयीचा मजकूर कसा वाचावा



हे टिपण मी मोठ येथून लिहितो आहे. मोठ हे झाशी जिल्ह्यातले तहसिलीचे गाव, झाशी-कानपूर रस्त्यावरचे. या भागातल्या मराठी घरांत १८५७ ची गोष्ट सांगितली जाते तेव्हा ओरछ्याचे नाव शत्रू म्हणूनच येते. राणी अडचणीत असताना ओरछ्याचा दिवाण नथेखान झाशीवर चालून आला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मोठेपणी ओरछ्याला गेलो तेव्हा लक्षात आले की झाशीचा किल्ला १६१३ साली ओरछ्याच्याच वीरसिंह देवाने बांधला होता आणि अठराव्या शतकात तिथे मराठ्यांचा अंमल बसला. किल्ला एकच, शेजारी दोन. गोष्ट १८५७ पासून सुरू केली तर आक्रमक ओरछा ठरतो. शंभर-सव्वाशे वर्षे मागून सुरू केली तर हिशेब बदलतो.

आजच्या टिपणाचा विषय याच जातीचा आहे, फक्त तो जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे. मृत समुद्राच्या पूर्वेला, आजच्या जॉर्डन देशात, मवाब नावाचे राज्य होते. पश्चिमेला इस्राएल आणि यहूदा. या शेजाऱ्यांची भाषा जवळची, लिपी जवळची, आणि वैर जुने. हिब्रू बायबलमधील मवाबविषयीचा मजकूर आपण साहित्य म्हणून वाचणार आहोत आणि त्याची परीक्षा करणार आहोत. श्रद्धेचा प्रश्न इथे नाही. मजकूर शत्रूविषयी बोलताना काय करतो, एवढेच पाहायचे आहे.

१. एकाच बाजूचे कागद

‘उत्पत्ति’ या पहिल्या पुस्तकात मवाब लोकांच्या उगमाची कथा आहे. अब्राहामाचा पुतण्या लोट, त्याच्या मुली त्याला द्राक्षारस पाजतात आणि बापापासूनच त्यांना मुले होतात. थोरलीचा मुलगा तो मवाब. कथा दोन गोष्टी एकदम सांगते: हे लोक आपले भाऊबंद आहेत, आणि त्यांचा जन्म लाजिरवाणा आहे. शेजारच्या जातीविषयी अशा उगमकथा आपल्याकडेही ऐकायला मिळतात. नाते नाकारता येत नाही तेव्हा त्याला डाग लावला जातो.

पुढे ‘शास्ते’ या पुस्तकात मवाबचा राजा एग्लोन येतो. तो इतका लठ्ठ की एहूदने खुपसलेली तलवार मुठीसकट चरबीत गडप होते. हे शत्रूचे व्यंगचित्र आहे आणि ऐकणाऱ्यांनी हसावे म्हणूनच ते रंगवले आहे.

आता कायद्याकडे या. ‘अनुवाद’ या पुस्तकाचा तेविसावा अध्याय म्हणतो की मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत देवाच्या मंडळीत प्रवेश नाही. कारण दिले आहे: इस्राएली लोक मिसरातून येत असताना मवाबी अन्नपाणी घेऊन सामोरे आले नाहीत. पण त्याच पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडा. तिथे मवाब्यांना त्रास देऊ नका, ती भूमी लोटाच्या वंशजांना दिलेली आहे, अशी आज्ञा आहे. आणि आर नगरातल्या मवाब्यांनी अन्नपाणी विकत दिले, असेही सूचित केले आहे. एकाच पुस्तकात दोन साक्षी. टीकाकारांनी ही विसंगती लपवलेली नाही आणि तुम्हीही लपवू नका. ग्रंथ अनेक हातांनी, अनेक काळांत घडला की त्यात असे सांधे राहतात, आणि वाचकाला आत शिरायला जागा तिथेच मिळते.

२. दुसऱ्या बाजूची शिळा

सर्वेक्षणाच्या तासाला लेव्हलिंग करताना आपण एका बेंचमार्कपासून निघतो आणि फिरून त्यावरच येतो. शेवटचे वाचन जुळले नाही की चूक किती हे कळते. फक्त एका दिशेने गेलात तर चूक असली तरी दिसणार नाही. मवाबच्या बाबतीत दोन हजार वर्षांहून अधिक काळ वाचकांकडे एकाच दिशेची वाचने होती.

१८६८ मध्ये जॉर्डनमधील धिबान (बायबलमधले दीबोन) येथे एफ. ए. क्लाइन या मिशनऱ्याला काळ्या बेसॉल्टची कोरीव शिळा दाखवण्यात आली. ती मिळवण्यासाठी युरोपीय वकिलातींत चढाओढ लागली. त्या गडबडीत तिथल्या बदूंनी शिळा आगीत तापवून तिच्यावर गार पाणी ओतले आणि ती फोडली. असमान प्रसरणाने दगड कसा तडकतो हे तुम्हाला सांगायला नको. सुदैवाने त्याआधी शार्ल क्लेरमाँ-गानो यांनी ओल्या कागदाचा ठसा घेववला होता. त्याच्या आधारे तुकडे जुळवले गेले आणि शिळा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

शिळेवर सुमारे ३४ ओळी आहेत, काळ इ. स. पू. नवव्या शतकाचा, आणि बोलणारा आहे मवाबचा राजा मेशा. तो सांगतो की इस्राएलचा राजा अम्री याने मवाबला दीर्घकाळ दडपले, कारण आमचा देव कमोश आपल्याच भूमीवर रागावला होता. मग कमोश प्रसन्न झाला आणि मी गावे परत घेतली. नबो घेतले, तिथल्या ७,००० जणांना मारून देवाला अर्पण केले, इस्राएलच्या देवाची पात्रे ओढत आणून कमोशापुढे ठेवली.

आता ‘२ राजे’ या पुस्तकाचा तिसरा अध्याय शेजारी ठेवा. तिथे मेशा मेंढरांचा धनी आहे आणि १,००,००० कोकरे व १,००,००० एडक्यांची लोकर इस्राएलच्या राजाला देतो. अहाब मेल्यावर तो बंड करतो. तीन राजे त्याच्यावर चालून जातात, झरे बुजवतात, झाडे तोडतात, चांगल्या शेतांत दगड टाकतात. अलीशा संदेष्ट्याने विजयाचे आश्वासन दिलेले असते. पण शेवटी मेशा तटावर आपल्या थोरल्या मुलाचा बळी देतो, इस्राएलवर मोठा कोप होतो आणि सैन्य माघारी फिरते. कोप कोणाचा, हे मजकूर सांगत नाही.

माझ्या मते बायबलच्या कथनाची ही सर्वांत प्रामाणिक जागा आहे. भाकीत एक आणि शेवट दुसरा. लिहिणाऱ्याने तो शेवट गुळगुळीत केला नाही. मेशाकडे मात्र हा कबुलीजबाब नाही. त्याच्या शिळेवर इस्राएल कायमचा नष्ट झाला आहे. प्रत्यक्षात ते राज्य पुढे शंभराहून अधिक वर्षे, इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने ते संपवेपर्यंत, टिकले.

दोन्ही मजकुरांत आणखी एक साम्य आहे. मेशा म्हणतो की आमचा देव रागावला म्हणून आम्ही हरलो. ‘शास्ते’ही तेच म्हणते: इस्राएलने वाईट केले म्हणून देवाने एग्लोनला बळ दिले. शत्रूकडे वेगळी, रानटी विचारपद्धती असते हा आपला समज इथे कोसळतो. पराभव समजावण्याची त्यांची रीत अगदी सारखी होती, आणि नबोमधली कत्तलही देवाच्या नावानेच झाली. इतिहासात दबलेल्याची बाजू ऐकावी, हे खरे; पण ती ऐकली म्हणजे ती निर्दोष ठरत नाही.

अभियंत्यांसाठी एक ओळ मी मुद्दाम सांगतो. मेशा मोठेपणाने सांगतो की नगरात पाण्याचे टाके नव्हते, तेव्हा मी प्रत्येकाला आपल्या घरी टाके करायला लावले. आर्णोनजवळ रस्ता केला. आणि खोदकाम इस्राएली कैद्यांकडून करवून घेतले, हेही तो त्याच सुरात सांगतो. बुंदेलखंडात आपण जुन्या तलावांचे कौतुक करतो तेव्हा ते कोणाच्या हातांनी खणले गेले, हा प्रश्न विचारायला हीच ओळ शिकवते.

३. रूथ: आतून आलेले उत्तर

मवाबविषयीचा सर्वांत वेगळा आवाज बायबलच्या आतच आहे. ‘रूथ’ हे चार अध्यायांचे छोटे पुस्तक. बेथलेहेमात दुष्काळ पडतो, नामी नवऱ्यासह दोन मुलांना घेऊन मवाबात जाते. अन्नपाणी न देणारा म्हणून बदनाम झालेला तोच मवाब या कुटुंबाला दहा वर्षे जगवतो. मुले मवाबी मुलींशी लग्ने करतात. तिन्ही पुरुष मरतात. नामी परत निघते तेव्हा धाकट्या वयाच्या दोन विधवा सुनांपैकी अर्पा माहेरी वळते आणि रूथ सासूची साथ सोडत नाही. जात्यावरच्या ओव्यांतली सासू आठवा, म्हणजे या नात्याचे वेगळेपण मराठी कानाला लगेच कळेल. रूथ शेतात सरवा वेचते, ज्याला इकडे हिंदीत सिला म्हणतात. बवाज तिच्याशी लग्न करतो. तिचा पणतू म्हणजे दावीद राजा.

ज्या कायद्याने मवाबी माणसाला दहा पिढ्या दाराबाहेर ठेवले, त्याच समाजाच्या थोर राजाची पणजी मवाबी. पुढच्या यहुदी पंडितांनी यातून व्याकरणाची वाट काढली: कायद्यातला शब्द पुल्लिंगी आहे, तो मवाबी पुरुषाला लागू होतो, स्त्रीला नाही. ही पळवाट नव्हे. कथा कायद्याला वाकायला लावते, त्याचा हा पुरावा आहे.

तरीही या पुस्तकाची स्तुती करताना थांबा. पुस्तकात तिला पुन्हापुन्हा ‘मवाबी रूथ’ म्हटले आहे. लग्न होते आणि ते विशेषण गळते. चौथ्या अध्यायात ती एक शब्दही बोलत नाही. मूल होते तेव्हा शेजारणी म्हणतात, नामीला मुलगा झाला. मवाबी स्त्रीला आत घेतले जाते, पण मवाब बाहेरच राहतो: तिची माती, तिचा देव, तिच्या माहेरचे लोक. अर्पा परत गेली म्हणून तिला कोणी दोष देत नाही, पण तिच्या मागे कथाही जात नाही. ‘आमच्यासारखी झालीस म्हणून आमची’ हा स्वीकार मोठा आहे, पण अपुरा आहे.

४. दारात उभे असलेले मराठी लोक

हा प्रश्न फार दूरचा वाटत असेल तर कोकणात या. रायगड परिसरात शतकानुशतके राहिलेला बेने इस्राएल समाज मराठी बोलतो, गावांवरून आडनावे लावतो. तेल गाळण्याचा धंदा करणाऱ्या या लोकांनी शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. नाव शेजाऱ्यांनी दिले, त्यांना जेवढे दिसले तेवढ्यावरून.

१९४८ नंतर यांतले अनेकजण इस्राएलला गेले. तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य रब्बींच्या संस्थेने त्यांच्या विवाहांआधी पूर्वजांची चौकशी करण्याचा दंडक काढला. मंडळीत कोणाला प्रवेश, किती पिढ्यांपर्यंत मागे जायचे, हा ‘अनुवाद’मधलाच प्रश्न आता मराठी बोलणाऱ्या कुटुंबांना विचारला गेला. त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण बरोबरीची मान्यता मिळाली. रूथच्या गोष्टीत ती स्वतः शेवटी गप्प होते. इथे दारात उभी असलेली माणसे बोलली, आणि दार त्यांच्या बोलण्याने उघडले. माझ्या वाचनात रूथच्या पुस्तकाचा राहून गेलेला भाग हाच आहे.

५. वाचताना

शत्रूविषयीचा कोणताही मजकूर हाती आला की तीन गोष्टी तपासा. गोष्ट कोणत्या वर्षापासून सुरू केली आहे? मजकूर कुठे स्वतःशीच जुळत नाही? आणि ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याचा आवाज कुठे उरला आहे का, शिळेवर, ताम्रपटावर किंवा एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीत?

स्वाध्याय: आपल्या गावाच्या आणि शेजारच्या गावाच्या जुन्या वैराची एक गोष्ट आपल्या घरी ऐका आणि लिहून काढा. मग त्या शेजारच्या गावी जा, तीच गोष्ट तिथल्या एका वडीलधाऱ्या माणसाकडून ऐका आणि तीही लिहा. दोन्ही लेखने शेजारी ठेवा आणि कुठे जुळत नाहीत तिथे खूण करा. कोण खरे हे ठरवण्याची घाई करू नका. मी स्वतः हा स्वाध्याय झाशी आणि ओरछ्याबाबत सुरू केला आहे. माझ्या वहीतल्या खुणा अजून वाढत आहेत.