आशेची खिरापत आणि जिन्यातलं चित्र

निर्वासितांच्या मनात आशा पेरायची म्हणून जगभर भिंती रंगवायची रीत पडलीय. पांढरं कबूतर, उगवता सूर्य, हसरं पोर. फोटो निघतो, छापून येतो, चित्रकार आपल्या देशी परत जातो आणि निर्वासित आहे तिथंच रांगेत उभा राहतो. मला त्या चित्रांचा राग नाही. पण त्यांच्या मागं जो विचार आहे तो तपासला पाहिजे. तो विचार असा, की आशा ही काहींकडं साठवलेली वस्तू आहे, आणि ज्याच्याकडं ती आहे त्यानं नसलेल्याला खिरापतीसारखी वाटावी. मित्रांनो, याला भूतदया म्हणतात. भूतदयेची चव आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नको.

मग निर्वासितांसाठी चित्र काढूच नये का? काढावं की. पण कसं, याचा एक दाखला मेक्सिको शहरात आहे. तिथल्या वीज कामगारांच्या युनियनच्या इमारतीत, जिन्यात. चित्राचं नाव ‘बुर्ज्वा वर्गाचं व्यक्तिचित्र’. साल १९३९-४०. काम दाविद आल्फारो सिकेरोसच्या पुढारपणाखाली झालं. रिव्हेरा, ओरोस्को आणि हा, मेक्सिकोच्या भित्तिचित्रांची तीन मोठी नावं. सिकेरोस नुसता ब्रशवाला नव्हता, स्पेनच्या यादवीत प्रजासत्ताकाच्या बाजूनं लढून आलेला होता. त्याच्या गटात मेक्सिकोचे लुईस आरेनाल आणि आंतोनिओ पुजोल, आणि स्पेनहून हाकललेले तिघं: जोसेप रेनाऊ, मिगेल प्रिएतो, आंतोनिओ रोद्रिगेस लुना.

यातला रेनाऊ नीट बघा. वालेन्सियाचा पोस्टरवाला, फोटो कापून जोडून चित्र करणारा. प्रजासत्ताक सरकारनं त्याला ललित कला खात्याचा प्रमुख केलं होतं. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी पिकासोला गळ घालायला तो गेला, त्यातून ‘गेर्निका’ झालं. तेच चित्र जानेवारी १९३९ मध्ये लंडनच्या कामगार वस्तीत, व्हाइटचॅपलला लावलं, तेव्हा तिकीट म्हणून लोकांकडनं बुटांचा जोड घेतला, स्पेनमधल्या लढवय्यांना पाठवायला. चित्राखाली बुटांच्या रांगा. चित्राचा उपयोग काय असं विचारणाऱ्यांनी त्या रांगा डोळ्यांपुढं आणाव्यात.

पण बूट पुरले नाहीत. फ्रँको जिंकला. १९३९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पाच लाखांच्या घरात माणसं थंडीत डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये शिरली. फ्रान्सनं त्यांना समुद्रकाठच्या वाळूत काटेरी तारेच्या आत डांबलं. रेनाऊ आर्जेलेसच्या तसल्याच छावणीत होता. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांनी दार उघडलं, वीस हजारांवर स्पॅनिश निर्वासित तिकडं गेले. आणि वाळूत झोपलेला हा माणूस वर्षाच्या आत युनियनच्या जिन्यात परातीवर उभा होता, हातात स्प्रे गन. त्याला धीर धर, उद्याचा सूर्य बघ, असं सांगत बसायची गरज नव्हती. काम मिळालं, भिंत मिळाली आणि आपल्याला कुणी हुसकलं ते बोलायची मुभा मिळाली. मी आशा म्हणतो ती ही.

कामाची रीतही कामगारांना कळेल अशी. तैलरंग नाही की ओल्या गिलाव्यावरचा जुना प्रकार नाही. मोटारींना मारतात तो डुको, स्प्रे गननं उडवलेला. फोटोंचा आधार, प्रोजेक्टरनं आकृत्या भिंतीवर पाडलेल्या. जिना चढणारा माणूस कुठल्या पायरीवरनं काय बघेल याचा हिशोब मांडून भिंती आणि छत एकच चित्र केलेलं. गॅलरीत हात मागं बांधून बघणारा रसिक यांनी धरलाच नाही. हजेरी लावून, पाळी संपवून, तक्रार घेऊन युनियन ऑफिसात वर चढणारा माणूस धरला.

आणि त्याला दाखवलं काय? पोपटाच्या डोक्याचा भाषणबाज पुढारी. गॅस मास्क चढवलेले बडे लोक. मधोमध एक यंत्र, त्यात कामगारांचं रक्त जातं आणि बाहेर नाणी पडतात. एका बाजूला बंदूक घेतलेला माणूस. वर छतावर विजेचे मनोरे, म्हणजे त्या कामगारांच्या हातचं काम. यात कबूतर नाही. ज्या यंत्रानं माणसं मारली आणि घराबाहेर काढली ते यंत्र खोलून दाखवलंय. साचा बिघडला तर जॉबर त्याला हार घालत नाही, खोलतो.

आता आक्षेप. भित्तिचित्रकाराचंही देऊळ बांधायचं नाही. या चित्रात कामगार एक तर रक्त होऊन येतो, नाही तर बंदूक घेऊन येतो. त्याचं रोजचं जिणं, भाकरी, रांग, भाड्याची खोली हाताला लागत नाही. छावणीची वाळू हाताला लागत नाही. मोठा शत्रू दाखवायच्या भरात लहान माणूस सुटला. दुसरं, सिकेरोस स्वतः. २४ मे १९४० ला तो ट्रॉट्स्कीच्या घरावर हत्यारबंद हल्ला करायला गेला आणि मग भूमिगत झाला. भिंत अर्धवट, पुढारी पसार. स्वतः निर्वासित होऊन आलेल्या माणसाला मारायला निघालेला हात निर्वासितांच्या बाजूचा कसा, हे त्याच्या भक्तांनी सांगावं. भिंत पुरी केली रेनाऊनं, आणि त्याला मदत केली त्याची बायको मानुएला बालेस्तेर हिनं. ती स्वतः चित्रकार. गटाची यादी छापताना तिचं नाव बहुतेक गळतं. सामूहिक कला म्हणतात तिथंही शिडी धरणारीचं नाव कोण लिहितो, हे आपण बघितलंच पाहिजे.

चित्रानं पोट वाचतं असंही समजू नका. ऑक्टोबर २००९ मध्ये मेक्सिको सरकारनं ती वीज कंपनीच एका रात्रीत मोडीत काढली. सुमारे ४४ हजार कामगार रस्त्यावर आले. भिंतीवरच्या यंत्रानं खाली उतरून त्यांनाच धरलं. २०१० मध्ये ते उपोषणाला बसले, युनियन लढत राहिली. चित्रानं त्यांना नोकरी दिली नाही. पण शत्रूचं तोंड त्यांना नवं नव्हतं, सत्तर वर्षं ते जिन्यात होतं.

आता आजच्या छावणीकडं या. जॉर्डनमधली झातारी, सीरियाच्या निर्वासितांसाठी जुलै २०१२ मध्ये उघडलेली. वर्षभरात लाखावर माणूस झालं. २०१३ मध्ये अमेरिकेचा भित्तिचित्रकार जोएल बर्गनर तिथं गेला. त्यानं पोरांच्या हातात ब्रश दिला, हे मान्य केलंच पाहिजे. तिथं पोरं तेव्हा एकचाकी ढकलगाडीवर लोकांचं सामान वाहून चार पैसे मिळवायची. त्या गाड्याही रंगवल्या गेल्या. मला हे भिंतीपेक्षा मोठं वाटतं. ज्याच्या राबण्याचं हत्यार, त्याचाच रंग.

पण त्याच कामात पाणी जपून वापरा, स्वच्छता पाळा, असे धडेही होते. हे मदत देणाऱ्यांचे धडे. ज्याला तेव्हा टँकरचं पाणी मोजून मिळत होतं त्याला पाणी जपायला भिंतीनं शिकवायचं? ज्याच्या पैशानं रंग येतो त्याचा मजकूर भिंतीवर चढतो. मेक्सिकोत भिंत युनियनची होती, म्हणून शत्रू दिसला. झातारीत पोरांनी शत्रू काढायचा म्हटलं तर कुणाच्या परवानगीनं?

आणि आशा त्यांच्याकडं नव्हती असंही नाही. छावणीतल्या मुख्य बाजाराच्या रस्त्याला त्यांनी पॅरिसच्या शाँझ एलिझेचं नाव दिलं, तेही मुरडून, शाम म्हणजे दमास्कस त्यात घुसवून. पत्र्याच्या दुकानांना पॅरिस म्हणणाऱ्यांना हसायला कुणी शिकवायचं? ८ डिसेंबर २०२४ ला असदची राजवट पडली, त्यानंतर लोक घरी परतायला लागले. त्यांना हवं होतं ते घर. ते आधीपासून त्यांना ठाऊक होतं.

उद्या तुमच्यातलं कुणी हुसकलेल्यांच्या वस्तीत भिंत रंगवायला जाईल. जा. पण भिंत कुणाची आणि मजकूर कोण ठरवतंय, हे आधी विचारा. आपलं स्केच घरी ठेवा. तिथल्या बायाबापड्यांना काय मांडायचंय ते ऐका, त्यांनी शिव्या मांडल्या तरी. आणि निघताना रंगाचे डबे परत आणू नका.