ग्रहांच्या आड

परवा कीर्तनानंतर एक तरुण पाया पडला. हातात प्रश्नकुंडली. "महाराज, ती हो म्हणेल का?"

प्रश्न विचारल्या घडीची ही कुंडली. पहिले स्थान विचारणाऱ्याचे, सातवे जोडीदाराचे. दोन्हींच्या स्वामींचा इत्थशाल योग झाला की 'जमेल' म्हणायचे. शास्त्र जुने आहे खरे; पण सातव्या घरात जिला बसवले, तिचे मन कोणी विचारले?

म्हटले, "बाळा, तिला विचारलेस?" तो गप्प. नकाराचे भय ग्रहांच्या आड लपले होते.

तुकोबारायांनी शकुन-भविष्य सांगणाऱ्यांचा कंटाळा उघड बोलून दाखवला आहे. माऊली, पांडुरंगाला साक्षी ठेवून सरळ विचारावे. नाही म्हणाली, तर तिच्यातल्याच विठ्ठलाचा तो शब्द समजून हात जोडावे आणि तिची वाट सोडावी.

रामकृष्ण हरी.