लिहून घेणारी माणसे

महेश एलकुंचवारांचे ‘आत्मकथा’ पहिल्यांदा वाचले तेव्हा राजाध्यक्षांना निदान चिकटवून मी मोकळा झालो होतो : नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत हा विकार १९८० साली आला. आजच्या आवृत्तीत त्याचे नऊ निकष आहेत, त्यांपैकी निदान पाच जुळावे लागतात. (मराठीत याला काय म्हणावे? ‘स्वमग्न’ आपण ऑटिझमला देऊन बसलो. ‘आत्ममग्न’ म्हणावे तर ती कवीची स्तुती वाटते.)

परवा नाटक पुन्हा वाचले आणि ते निदान तोकडे वाटले. राजाध्यक्ष नामवंत, वृद्ध लेखक. प्रज्ञा या तरुण अभ्यासक मुलीला ते आत्मचरित्र सांगत आहेत. पत्नी उत्तरा आणि तिची बहीण वासंती, दोघींशी असलेल्या नात्याचा हिशेब त्यात आहे. पण ते कबुलीही अशी देतात की प्रामाणिकपणाचे श्रेय पुन्हा त्यांच्याच पदरात पडावे. दोघी बहिणींचे दुःख त्यांच्याकडे कच्चा माल म्हणून येते. नाटककाराने त्यांना खलनायक केलेले नाही, आणि अडचण तिथेच आहे. माणूस बोलतो छान. आपण ऐकत राहतो.

कोलकात्याच्या ‘पदातिक’ने हे नाटक हिंदीत केले, तेव्हा राजाध्यक्ष कुलभूषण खरबंदांनी रंगवले होते. त्या भूमिकेबद्दल पुष्कळ बोलले जाते. माझी नजर मात्र आता प्रज्ञेवर असते. ती लिहून घेते, तशीच प्रश्नही विचारते.

मी विचारले नव्हते. पंचविशीत एका मोठ्या लेखकाच्या आठवणी मी वर्षभर उतरवून घेत होतो. एका दुपारी ते पहिल्या पुस्तकाविषयी सांगत होते : एकट्याने, उपाशीपोटी, तीन महिन्यांत लिहिले म्हणून. चहा ठेवता ठेवता त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “मुद्रणप्रत मी केली होती. आणि उपाशी कुठे? माझा पगार होता की.” ते हसले. मला म्हणाले, “हं, पुढे घे.”

मी पुढे घेतले. वाक्य सुंदर होते. पुस्तक निघाले, गाजले. ऋणनिर्देशात माझे नाव आहे, बाईंचे नाही. राजाध्यक्षांचे निकष मोजताना ते पान मी कधी उघडले नव्हते.