मोडक्या पात्याचं हेलिकॉप्टर

बालवाडीतलं नाटक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गॅदरिंग येतं. काजळाने काढलेली मिशी, आईच्या ओढणीचा फेटा, आणि विंगेत उभ्या राहून संवाद पुटपुटणाऱ्या बाई. मूल त्यांच्या एक शब्द मागून बोलत असतं. पालक मोबाईल उंच धरून शूट करत असतात. या सगळ्या प्रकारात मुलाला एकच गोष्ट पक्की ठाऊक असते: आपण कुठे उभं राहायचं.

तेच मूल घरी जेवणाच्या टेबलाखाली शिरलं की बघा. टेबल म्हणजे गुहा, ते स्वतः वाघ, आजी शिकारी. वाघाला आत्ताच ताप आलाय, त्यामुळे शिकाऱ्याने आधी औषध द्यायचं आणि मग बंदूक रोखायची. संवाद कुणी लिहून दिलेले नाहीत, तरी एकही अडखळत नाही.

या दोन नाटकांमध्ये जे अंतर आहे, त्यावर व्हिव्हियन गसिन पेली (१९२९–२०१९) या अमेरिकन शिक्षिकेने जन्मभर लिहिलं. जॉन ड्यूईने १८९६ मध्ये शिकागोत सुरू केलेल्या लॅबोरेटरी स्कूल्समध्ये त्या लहान मुलांना शिकवायच्या. १९८९ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. पण पेलीबाईंची पुस्तकं पांडित्याची नाहीत. त्यात वर्ग आहे, मुलांचं बोलणं आहे, आणि त्या बोलण्याने गोंधळात पडलेली शिक्षिका आहे.

आज बालवाडीच्या शिक्षिकांना नाट्य आणि कल्पनेच्या खेळातून शिकवायचं प्रशिक्षण द्यावं, यावर सगळ्यांचं एकमत दिसतं. प्रश्न एवढाच, की त्या प्रशिक्षणात शिकवायचं काय? बोटांवरच्या बाहुल्या करणं, मुखवटे कापणं, आवाज बदलून गोष्ट सांगणं, हे सगळं चांगलंच आहे. पण यात नट होते त्या बाई. पेलीबाई वाचताना लक्षात येतं, की शिक्षिकेने कमवायची गोष्ट अभिनय नव्हे, कान आहे.

त्यांची पद्धत सांगायला तीन वाक्यं पुरतात. मूल गोष्ट सांगतं, बाई ती कागदावर उतरवून घेतात. त्याच दिवशी सगळा वर्ग गोल बसतो, बाई गोष्ट वाचतात आणि मुलं ती करून दाखवतात. कपडेपट नाही, तालीम नाही, प्रेक्षक म्हणजे वर्गातलीच बाकीची मुलं.

ही पद्धत कशी सापडली, ते 'वॉलीज स्टोरीज' (१९८१) या पुस्तकात आहे. वॉली हा पाच वर्षांचा खोडकर मुलगा. एक दिवस वर्गात त्याचं काही ठीक चाललेलं नव्हतं, शिक्षाही झाली होती. बाईंनी त्याला गोष्ट लिहायची का म्हणून विचारलं. आपल्याला लिहिता कुठे येतं, ही त्याची शंका. तू सांग, मी लिहिते, असं म्हटल्यावर त्याने शहर मोडून टाकणाऱ्या एका डायनासोरची गोष्ट सांगितली. लोक चिडतात, डायनासोरला तुरुंगात टाकतात. पुढे काय, असं विचारल्यावर डायनासोर चांगलं वागायचं वचन देतो, सुटतो आणि घरी जातो, तिथे आई वाट बघत असते. बाईंना वॉलीबद्दल वाईट वाटलं म्हणून ती गोष्ट वर्गाने करून पाहिली. त्याआधीही मुलांना गोष्टी सांगायची सोय होती, पण फार थोडी मुलं तिकडे फिरकायची. गोष्ट करून दाखवली जाते म्हटल्यावर सांगणाऱ्यांची रीघ लागली.

या गोष्टीत वॉलीचा दिवस आहे हे आपल्याला दिसतं. मोडतोड, शिक्षा, वचन, घर. कुणी त्याला 'तुला काय वाटतं ते सांग' असं म्हटलं असतं तर तो गप्प बसला असता. डायनासोरच्या आडून तो सगळं बोलला. आणि बोललेलं कागदावर उतरतं, कागदावरचं पुन्हा जसंच्या तसं वाचून दाखवता येतं, हेही त्याला त्याच दिवशी कळलं. वाचन-लेखनाची खरी सुरुवात हीच. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्कीने १९३० च्या दशकात खेळाबद्दल बोलताना काठीच्या घोड्याचं उदाहरण घेतलं होतं. काठीला घोडा मानणारं मूल वस्तूपासून अर्थ सोडवून घेत असतं. 'क' या आकाराला आवाज मानणं ही त्याच रस्त्यावरची पुढची पायरी आहे. म्हणून भातुकली बंद करून अक्षरं गिरवायला बसवणं म्हणजे पाया उकरून भिंत बांधणं.

आता कानाबद्दल. 'ऑन लिसनिंग टु व्हॉट द चिल्ड्रन से' (१९८६) या निबंधात पेलीबाई स्वतःच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल लिहितात. तेव्हा त्या प्रश्न विचारायच्या आणि मनातलं उत्तर येईपर्यंत मुलांना ढकलत न्यायच्या. मग एक हायस्कूलचे विज्ञान शिक्षक वर्गात येऊन मुलांशी गप्पा मारू लागले. त्यांच्या मनात ठरलेलं उत्तर नसायचं, खरं कुतूहल असायचं, आणि मुलं भरभरून बोलायची. हे का घडतं ते समजून घ्यायला बाईंनी टेपरेकॉर्डर लावला. टेप ऐकताना त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला: अर्ध्यावर तोडलेली वाक्यं, न ऐकलेली पुटपुट, चुकीच्या जागी लगबगीने दिलेलं उत्तर. पुढे अनेक वर्षं रोजच्या टेपा ऐकून उतरवून काढणं हा त्यांचा नेम झाला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे रात्री सिस्टीम कोसळली तर ती लिहिणाऱ्याला 'तुला काय वाटतं' असं आधी विचारत नाहीत, आधी लॉग उघडतात. माणसाची आठवण स्वतःच्या बाजूने झुकते, लॉग झुकत नाही. पेलीबाईंनी स्वतःच्या वर्गाचे लॉग वाचले, आणि तेच त्यांचं प्रशिक्षण ठरलं. बाहेरून कुणी येऊन त्यांना नाट्यशिबिर दिलं नाही.

लॉगमध्ये नेहमी मुलंच चुकलेली नसतात. 'बॉइज अँड गर्ल्स' (१९८४) या पुस्तकात बाहुल्यांच्या कोपऱ्यात सुपरहिरो होऊन घुसणारे मुलगे आहेत, आणि आपल्याला मुलींचा शांत खेळ जास्त आवडतो हे ओळखणारी शिक्षिका आहे. मुलगे टेबलावरच्या कामाला बसत नाहीत, त्यांना आवरायचं कसं? बाईंनी उलटं केलं. मोकळ्या खेळाचा वेळ वाढवला. मनसोक्त धावून झाल्यावर तेच मुलगे टेबलाकडे यायला लागले. दंगा हा शिकण्यातला अडथळा आहे असं मानणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकाने हे पुस्तक वाचावं.

पण त्यांचं माझ्या मते सर्वांत चांगलं पुस्तक म्हणजे 'द बॉय हू वुड बी अ हेलिकॉप्टर' (१९९०). यातला जेसन कुणात मिसळत नाही. त्याच्या हातात छोटं हेलिकॉप्टर असतं, आणि त्याचं पातं सारखं मोडलेलं असतं. इतरांच्या खेळात तो आवाज करत घुसतो, काही विचारलं की हेलिकॉप्टरबद्दलच बोलतो. वर्गातली बाकीची मुलं त्याला बदलायला जात नाहीत. ती आपापल्या गोष्टींत हेलिकॉप्टरला जागा करून देतात. हळूहळू जेसनच्या हेलिकॉप्टरला उतरायला ठिकाणं सापडतात. शिक्षिका मुलाला वर्गात आणते ही नेहमीची गोष्ट. इथे वर्गच आपल्या कल्पनेतून मुलासाठी दार बनवतो आणि शिक्षिका ते दार उघडं राहील एवढंच बघते.

याच पुस्तकाशी मला भांडायचंही आहे. जेसनला कोणतंही निदान चिकटवायला पेलीबाई ठाम नकार देतात. मुलाकडे यादीतली लक्षणं म्हणून न बघता कथाकार म्हणून बघायचं, हा त्यांचा आग्रह सुंदर आहे. पण आज हे पुस्तक वाचणाऱ्या आईबापांना प्रश्न पडणारच: याला वेळेत आणखी कुणाची मदत मिळायला हवी होती का? निदान म्हणजे फक्त शिक्का नसतो, कधी कधी ते मदतीच्या खिडकीवरचं टोकनही असतं. गोष्ट आणि निदान यांतलं एकच निवडा असं पुस्तक सुचवतं, आणि ती निवड प्रत्येक मुलाला परवडणारी नाही.

दुसरं भांडण लेखनाशी आहे. या पुस्तकांतली मुलं फार नेमकं बोलतात. टेपवरून उतरवलेलं असलं तरी काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे बाईंनी ठरवलंय. कंटाळवाणा दिवस, कुणालाच काही न सुचलेली दुपार, सलग दहाव्यांदा आलेली तीच भुताची गोष्ट, हे फारसं दिसत नाही. वर्ष संपताना काहीतरी उलगडतंच. नव्याने नोकरीला लागलेली शिक्षिका हे वाचून हुरळेल, आणि महिन्याभरात 'माझ्या वर्गातली मुलं अशी नाहीत' म्हणून पुस्तक मिटून ठेवेल.

तरीही पेलीबाई स्वतःची पद्धत मोडायला घाबरत नाहीत, हे मान्य करायला हवं. आधी गोष्ट सांगणारं मूलच नट निवडायचं. मग लाडक्या मित्रांना भूमिका मिळायच्या आणि काही जण कायम प्रेक्षक राहायचे. 'यू कान्ट से यू कान्ट प्ले' (१९९२) मध्ये त्या कुणालाही खेळातून वगळायचं नाही असा नियम आणतात, आणि तो गोष्टींनाही लागू होतो. भूमिका क्रमाने फिरू लागतात, राजकन्येची पाळी मुलाची आली तर मुलगा राजकन्या. मुलांची तक्रार रास्त होती: गोष्ट माझी, मग नट दुसऱ्याच्या मर्जीचे का? लेखकाचा हक्क मोठा की बाहेर राहिलेल्या मुलाचा? बाईंनी बाजू घेतली, पण तक्रार पुस्तकातून पुसली नाही.

पुढे लंडनच्या मेकबिलीव्ह आर्ट्स या संस्थेच्या ट्रिशा ली यांनी ही पद्धत 'हेलिकॉप्टर स्टोरीज' या नावाने इंग्लंडमधल्या बालवर्गांत नेली. शिक्षकांना शिकवता यावी म्हणून तिचे नियम बांधले. गोष्ट ए-फाइव्ह आकाराच्या एका पानात बसवायची. जमिनीवर चिकटपट्टीने रंगमंच आखायचा. भूमिका क्रमाने. आणि सर्वांत महत्त्वाचं, मूल जे बोललं ते शब्दशः लिहायचं, व्याकरणासकट. पेलीबाई लिहिता लिहिता प्रश्न विचारायच्या, डायनासोर सुटला का असं विचारायच्या. इथे बाईंनी मध्ये पडायचं नाही. काहींना हे यांत्रिक वाटेल. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. चांगला प्रश्न विचारायला पेलीबाईंचा कान लागतो, तो पहिल्या दिवशी कुणालाच नसतो. शब्दशः लिहायचा नियम नवख्या शिक्षिकेला निदान मुलाचं बोलणं बिघडवण्यापासून थांबवतो.

आणि नेमका हाच नियम आपल्याकडे आणला तर सर्वांत जड जाईल.

आपल्याकडे खेळातून शिक्षण ही कल्पना नवी नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक मॉन्टेसरीच्या विचाराने भारावलेले होते. खुद्द मारिया मॉन्टेसरीला लहान मुलांसाठी परीकथा पसंत नव्हत्या, लुटुपुटूच्या कामापेक्षा खऱ्या कामावर तिचा भर होता. पण गिजुभाईंनी भावनगरच्या बालमंदिरात गोष्टीला आणि नाट्याला मानाची जागा दिली. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्यावरच्या अंगणात नेऊ, यातून अंगणवाडी आकाराला आली. पाड्यावरच्या मुलांची घरची बोली वारली.

आता विचार करा. वारली किंवा अहिराणी बोलणारं चार वर्षांचं मूल गोष्ट सांगतंय. बाईंनी ती लिहायची. 'होता' लिहायचं की 'व्हता'? 'नाही' की 'न्हाई'? पेलीबाईंसमोर हा प्रश्न या रूपात आला नव्हता. आपल्याकडे तो पहिल्याच ओळीला येतो. बाईंनी शुद्ध करून वाचलं, तर मुलाला कळतं की कागदावर जाण्याआधी आपलं बोलणं धुवावं लागतं. जसंच्या तसं वाचलं, तर त्याला कळतं की आपली भाषा लिहिता येते. पुढे आयुष्यभर पुस्तकांशी त्याचं नातं कसं राहील, याचा थोडा निकाल त्या एका शब्दावर लागतो. बरं, बाईंना मुलाची बोलीच येत नसेल तर लिहून घ्यायला गावातली आजी किंवा मदतनीस ताई बसवावी लागेल. तेही प्रशिक्षणात सांगायला हवं.

दुसरी अडचण वेळेची. पेलीबाईंचा वर्ग एका सधन विद्यापीठाच्या खाजगी शाळेत होता, आणि संध्याकाळी टेप ऐकायला त्यांच्याकडे निवांतपणा होता. अंगणवाडी सेविकेकडे आहार, वजनं, लसीकरणाचा दिवस, गृहभेटी, रजिस्टरं आणि वर पोषण ट्रॅकर ॲप आहे. तिला 'मुलांचं ऐका' असं नुसतं सांगणं ही थट्टा होईल. म्हणून हिशेब छोटा ठेवावा. दिवसाला एक गोष्ट, एक पान. लिहायला पाच मिनिटं, करून बघायला दहा. वर्गात पंचवीस मुलं असतील तर साधारण महिन्याभरात प्रत्येकाची पाळी येते. साहित्य काय लागतं? वही, पेन, खडूने आखलेला चौकोन. बाहुल्या नसल्या तरी चालेल.

मग प्रशिक्षणात काय करायचं? प्रत्येक शिक्षिकेने आपल्या वर्गातल्या एका मुलाची गोष्ट फोनवर रेकॉर्ड करून आणि कागदावर उतरवून आणावी. सगळ्यांनी मिळून रेकॉर्डिंग ऐकावं, शेजारी कागद ठेवावा, आणि लिहिताना कुठे काय बदललं गेलं ते शोधावं. व्याकरण सुधारलं का? शेवट गोड केला का? भुताला काढून टाकलं का? मारामारी गाळली का? कुणाला नापास करायचं नाही, फक्त दोन्ही समोरासमोर ठेवायचे. काम झालं की रेकॉर्डिंग पुसून टाकायचं, मुलाचा आवाज ग्रुपवर फिरवायचा नाही.

पेलीबाईंची पुस्तकं या कामाला वर्गात ठेवावीत, पण आदर्श म्हणून नकोत. स्वतःच्या टेपा ऐकून स्वतःबद्दलचं मत बदलणाऱ्या एका बाईंच्या नोंदी म्हणून ती वाचावीत. आणि मूल सांगायला लागलं की पुस्तक बाजूला ठेवून पेन उघडावं.